वऱ्हाडातला ‘ऱ्ह’ कुठे गेला?



संयोजकांनी विषय निवडायचं माझ्यावर सोपवलं, तेव्हा त्यांना वाटलं असणार की मास्तर न्यायदर्शनावर नाहीतर शांकरभाष्यावर बोलतील. मी म्हटलं, मला एका फायलीबद्दल बोलायचं आहे. फोनवर थोडा वेळ कोणी बोललंच नाही. मग ते म्हणाले, “चालेल सर, पण विषय काय छापू?” मी म्हटलं, छापा, वऱ्हाडातला ऱ्ह. पत्रिका आली. तिच्यावर छापलं होतं ‘वर्हाडातला र्ह’. म्हणजे विषयाची प्रस्तावना छापखान्यानंच करून दिली, मला फारसं काही सांगायची गरज उरली नाही. तरी सांगतो.

माझा एक मित्र होता. अकोट तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवायचा. सुट्ट्या लागल्या की सायकल काढायचा आणि अकोट ते दर्यापूर, पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या गावांमध्ये हिंडायचा. म्हाताऱ्या बायांजवळ बसून जात्यावरच्या ओव्या, भुलाबाईची गाणी उतरवून घ्यायचा. दहा-बारा वर्षं हे चाललं. वह्यांवर वह्या भरल्या. मग १९९७ च्या सुमारास अकोल्याच्या एका डीटीपीच्या दुकानात त्यानं हे सगळं पदरच्या पैशांनी टाइप करून घेतलं, पुस्तक काढायचं म्हणून. पुस्तक निघालं नाही. का निघालं नाही हे वऱ्हाडातल्या माणसाला समजावून सांगावं लागू नये. मुलीचं लग्न निघालं, आणि त्या साली कपाशीनंही दगा दिला. पुढे मित्र गेला. वह्या माळ्यावर होत्या, त्यांना वाळवी लागली. त्याची मुलगी २०१३ साली माझ्याकडे अमरावतीला एक सीडी घेऊन आली. म्हणाली, काका, बाबांचं सगळं यात आहे.

सीडी लावली. फाइल उघडली. आत इंग्रजी अक्षरांचा, स्वल्पविरामांचा, चौकटी कंसांचा चिवडा. एक मराठी अक्षर नाही.

तुमच्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकानं हा चिवडा कधी ना कधी पाहिला आहे. तो का होतो, हे मला साठी उलटल्यावर समजलं. समजलं तेव्हा वाटलं की हा तर आमच्याच शास्त्रातला प्रश्न आहे.

गोष्ट मुळात साधी आहे. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर म्हणायचं, याचं एक कोष्टक आधी ठरवावं लागतं. अमेरिकेत १९६३ साली असं एक कोष्टक ठरलं, त्याला ॲस्की म्हणतात. त्यात एकंदर १२८ घरं. मोठा ‘ए’ म्हणजे ६५, मोठा ‘बी’ म्हणजे ६६. इंग्रजीचं काम त्यात भागलं. पुढे घरं दुप्पट म्हणजे २५६ झाली, पण देवनागरीला त्या वस्तीत कोणी प्लॉट दिला नव्हता.

मग आपल्याकडच्या हुशार लोकांनी काय केलं? घर इंग्रजीचंच ठेवलं, पाटी बदलली. म्हणजे असा फॉन्ट तयार केला, की ज्यात आकडा इंग्रजी अक्षराचाच, पण पडद्यावर चित्र मात्र देवनागरीचं उमटतं. हिंदी मुलखातला कृतिदेव फॉन्ट घ्या. आपल्या शेजारी बैतूलकडे गेलात तर कुठल्याही कचेरीत सापडायचा. त्यात ‘राम’ लिहिला की संगणकाच्या पोटात काय साठतं? १०६, १०७, १०१. म्हणजे इंग्रजी जे, के आणि ई. जे च्या घरात र चं चित्र, के च्या घरात काना, ई च्या घरात म. फॉन्ट असेल तोवर राम. फॉन्ट काढून घेतला की नुसतं जे-के-ई. संगणकाच्या दृष्टीनं तिथे राम कधी नव्हताच.

आणि प्रत्येक फॉन्टवाल्यानं आपलं कोष्टक वेगळं केलं. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण, शुषा, सीडॅकचे योगेश आणि सुरेख. एकाच्या घरात जिथे क तिथे दुसऱ्याच्या घरात अर्धा ष. मित्राची फाइल ज्या सॉफ्टवेअरवर झाली, त्याचं नाव मी घेत नाही. त्याला एक कुलूप असायचं. प्रिंटरची वायर जिथे लावतात तिथे ते लावल्याशिवाय प्रोग्राम सुरूच व्हायचा नाही. दुकान बंद पडलं. कुलूप गेलं. मालक नागपूरला स्थायिक झाला, त्याला विचारलं तर तो हसला.

इथे मला थोडं मागे, म्हणजे सातशे वर्षं मागे जाऊ द्या. लांब जायचं नाही, मोर्शी तालुक्यातच जायचं आहे. रिद्धपूरला.

गोविंदप्रभूंचं रिद्धपूर. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केलं, ते तिथे, शके १२०० च्या सुमारास, म्हणजे इसवी सन १२७८. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ आपल्या जिल्ह्यातला, हे आपण अभिमानानं सांगतो, आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही आलं आहे. पण या ग्रंथांचं पुढे काय झालं हे आपण कमी सांगतो. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. सकळ, सुंदरी, अंक, शून्य, वज्र अशी त्या लिप्यांची नावं. सर्वांत जास्त चालली ती सकळ लिपी, तिचं श्रेय परंपरेनं रवळोबासांना दिलं जातं. सकळ लिपी म्हणजे काय? भाषा मराठीच, फक्त नेहमीच्या अक्षराच्या जागी ठरवून दिलेलं दुसरं चिन्ह. घर तेच, पाटी वेगळी. किंवा पाटी तीच, घर वेगळं, कसंही म्हणा. ज्याच्याजवळ कोष्टक त्याला ग्रंथ, बाकीच्यांना चिवडा.

परिणाम दोन झाले, आणि दोन्ही खरे आहेत. ग्रंथ पंथात राहिले, जपले गेले, शतकानुशतकं नकला होत राहिल्या. आणि पंथाबाहेरच्या मराठी माणसाला ते शतकानुशतकं दिसलेच नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाडे, महाराष्ट्र-सारस्वतकार वि. ल. भावे यांच्यासारख्यांनी ती लिपी उलगडली, तेव्हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची सुरुवातच नव्यानं लिहावी लागली. पुढे यवतमाळचे य. खु. देशपांडे, मग वि. भि. कोलते यांनी आयुष्यं यात घातली. कोलत्यांचं संपादित लीळाचरित्र १९७८ साली आलं आणि त्यावर केवढं वादळ झालं, हे इथल्या जुन्या लोकांना आठवत असेल. त्या वादात मी आज शिरत नाही.

मला एवढंच दाखवायचं आहे, की सकळ लिपीची किल्ली माणसांजवळ होती. गुरूकडून शिष्याकडे, महंताकडून महंताकडे. पंथ जिवंत होता म्हणून किल्ली जिवंत राहिली. माझ्या मित्राच्या फायलीची किल्ली प्लॅस्टिकच्या एका ठोकळ्यात होती. सकळ लिपी सहाशे वर्षं टिकली, आणि आमची लिपी सोळा वर्षांत मेली. तीही कोणी गुप्त ठेवायला केलेली नव्हती, नुसती दुकानदारी.

आता मधला एक थांबा, मोडीचा. तो पटकन सांगतो, कारण मोडीवर बोलणारे माझ्यापेक्षा जाणते लोक पुष्कळ आहेत. वऱ्हाडातली जुनी महसुली दप्तरं मोडीत आहेत. मोडी वाचणारा माणूस ती बाळबोधीत उतरवतो तेव्हा तो नुसती नक्कल करत नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसतात, शब्द सुटे नसतात, एका रेघेखाली सगळे लटकलेले. ‘दिन’ की ‘दीन’, हे कागदावर नसतं. वाचणाऱ्याला ते ठरवावं लागतं. म्हणजे एका लिपीतून दुसरीत जाताना नवी लिपी जे विचारते, ते जुनीनं सांगितलेलंच नसतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बरं. आपल्या सरकारी शास्त्रज्ञांना हे फॉन्टचं प्रकरण फार लवकर कळलं होतं, याचं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. कानपूरच्या आयआयटीत ऐंशीच्या दशकात काम सुरू झालं, ते पुढे पुण्याच्या सीडॅकमध्ये आलं. त्यातून आयएससीआयआय नावाचं कोष्टक निघालं, १९८८ साली एक, आणि १९९१ साली भारतीय मानक म्हणून पक्कं. त्याचं मुख्य तत्त्व असं, की चित्र साठवायचं नाही, वर्ण साठवायचा. आणि ज्या क्रमानं उच्चारतो त्या क्रमानं साठवायचा.

‘किती’ हा शब्द पाहा. डोळ्याला आधी वेलांटी दिसते, मग क. फॉन्टवाले डोळ्यावर विश्वास ठेवून आधी वेलांटी साठवायचे. आयएससीआयआय म्हणालं, उच्चारात आधी क् येतो, मग इ. म्हणून आधी क, मग वेलांटी, आणि ती डावीकडे कशी काढायची ते चित्र काढणाऱ्यानं बघावं. ‘दर्यापूर’ घ्या. रफार डोळ्याला ‘या’ च्या डोक्यावर, शेवटी दिसतो. उच्चारात र् आधी आहे. तर र् आधी साठवा.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खुर्चीत उठून बसलो. हा तर पतंजली! महाभाष्याच्या अगदी आरंभी तो विचारतो, की ‘गाय’ म्हणतो तेव्हा त्यात शब्द कोणता? ते शिंगं-शेपटीचं जनावर? त्याचा रंग? नाही, ज्याच्या उच्चारानं आपल्याला गाय कळते तो शब्द. भर्तृहरी वाक्यपदीयात आणखी पुढे जातो. कोणी घोगऱ्या आवाजात म्हणो, कोणी सावकाश म्हणो, कोणी भरभर, ध्वनी वेगळे, पण कळणारा शब्द एक, त्याला तो स्फोट म्हणतो. आयएससीआयआयनं आणि त्यानंतर युनिकोडनं हाच भेद केला. वर्ण एक, चित्रं अनेक. आपला मराठी ‘ल’ पाकळीचा आणि हिंदीचा ‘ल’ दांड्याचा, तरी युनिकोडात आकडा एकच. फरक फॉन्टनं दाखवावा. भर्तृहरीला दाखवलं असतं तर तो म्हणाला असता, ठीक आहे, यात नवीन काय?

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच गावात घरं द्यायची, असा तो बेत. देवनागरीची मांडणी त्यांनी आयएससीआयआयच्या १९८८ च्या कोष्टकावरूनच घेतली. २३०४ या आकड्यापासून आपली आळी सुरू होते. सामान्य माणसाच्या यंत्रावर ती यायला मात्र २००० साल उजाडलं, तेव्हा विंडोजमध्ये मंगल नावाचा फॉन्ट आला. त्याची अक्षरं र. कृ. जोशींची, आपला मराठी सुलेखनकार आणि कवी. तुम्ही रोज जी मराठी पडद्यावर वाचता, तिच्यात त्या माणसाच्या हाताचं वळण पुष्कळ वर्षं होतं, आणि कुणाला ठाऊक नव्हतं.

आता येतो आमचा ऱ्ह.

मराठीत र् दोन तऱ्हांनी जोडला जातो. एक रफार, डोक्यावरचा. दुसरा तो आडवा, पापणीच्या केसासारखा, य आणि ह च्या आधी येणारा. दोन्हींत र् च आहे. पण उच्चार वेगळा आणि अर्थही वेगळा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे दरीचं अनेकवचन. ‘आचार्यांना’ बोलावलं तर शंकराचार्य येतील, ‘आचाऱ्यांना’ बोलावलं तर स्वयंपाकी. पंगत असेल तर हा फरक महत्त्वाचा. आणि आपल्या प्रदेशाचं नावच या र् वर उभं आहे. वऱ्हाड. शिवाय बडनेऱ्याला गाडी बदला, कुऱ्ह्याला पाहुणे, बऱ्हाणपूरची बाजारपेठ. हिंदीला या र् ची गरज नाही. म्हणून देवनागरी म्हणजे हिंदी असं समजणाऱ्या कोष्टकांत तो नेहमी उपरा.

भर्तृहरीनं इथे काय केलं असतं सांगा. हा र् वर्ण म्हणून वेगळा, की फक्त चित्र म्हणून वेगळा? उत्तर सोपं नाही. आयएससीआयआयनं एक युक्ती काढली. र च्या शेजारी ‘ऱ’ होता, नुक्त्याचा, तो दक्षिणी भाषांचा एक ध्वनी देवनागरीत लिहिण्यासाठी ठेवलेला. य २३५१, र २३५२, आणि हा ऱ २३५३. आयएससीआयआय म्हणालं, या ऱ चा पाय मोडला की पापणीचा र् समजा. युनिकोडच्या १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत वेगळी वाट आली. साधाच र, हलंत, आणि त्यापुढे ८२०५ क्रमांकाचा एक अदृश्य जोडक. त्याला रुंदी नाही, आकार नाही, दिसत नाही. त्याचं काम एवढंच, की बाबा, इथे रफार काढू नको. पुढे त्यांनी आयएससीआयआयची रीतही मान्य केली, आणि जुनी रद्दही केली नाही. कारण तोवर लिहिलेला मजकूर बिघडला असता.

झालं काय? ‘वऱ्हाड’ हा शब्द दोन तऱ्हांनी लिहिता येऊ लागला. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. पोटात एकाचे आकडे २३५७, २३५३, २३८१... आणि दुसऱ्याचे २३५७, २३५२, २३८१, ८२०५... तुम्ही एका तऱ्हेनं शोधलंत तर दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलेला वऱ्हाड सापडत नाही. मोठी शोधयंत्रं आता दोन्ही एक धरतात, साधे प्रोग्राम धरत नाहीत. आणि तो अदृश्य जोडक, बिचारा! दिसत नाही म्हणून कित्येक प्रोग्राम त्याला केर समजून झाडून टाकतात. झाडला की ‘वर्हाड’. तुमच्या आजच्या पत्रिकेवर बहुधा तेच झालं आहे.

(‘ॲ’ ची कथा अशीच. ॲडव्होकेटमधल्या ‘ॲ’ ला युनिकोडमध्ये स्वतःचं घर मिळालं ते २००८ साली, पाच-एक या आवृत्तीत. तोवर आपले सगळे वकील अ वर चंद्र चिकटवून फिरत होते. आणि मोडीला घर मिळालं २०१४ साली.)

आता फायलीकडे परत.

माझ्या पुतण्याचा मुलगा तेव्हा अभियांत्रिकीला होता. तो म्हणाला, आजोबा, कुलूप नको, कोष्टक मीच बनवतो. मित्राच्या हातची दोन छापील पानं मुलीजवळ होती, त्याच फायलीची. एका बाजूला छापील पान, एका बाजूला चिवडा. राजवाड्यांनी जसं केलं असेल तसंच आम्ही दिवाळीच्या सुटीत बसून केलं. हे चिन्ह म्हणजे क. हे म्हणजे अर्धा ख, आणि याच्यापुढे दांडा आला की पुरा ख. आठवडाभरात कोष्टक झालं.

पण नुसतं कोष्टक पुरत नाही. वेलांटी उचलून अक्षराच्या मागे न्यायची. ‘स्थिती’ असेल तर अर्धा स आणि थ, दोघांना ओलांडून न्यायची. रफार शेवटून उचलून पुढे आणायचा, तोही काना-मात्रा ओलांडून, नेमका किती मागे, हे जोडाक्षर कुठे सुरू होतं त्यावर. हे सगळं पोरानं केलं. मला संध्याकाळी पानं काढून दिली. मी चष्मा लावून वाचायला बसलो, आणि खरं सांगतो, मित्र समोर बसल्यासारखा वाटला.

तिसऱ्या पानावर ठेच लागली. दर्यापूरच्या आधी ‘दर्या’ आणि पुढे डोंगराच्याही ‘दर्या’. सगळे पापणीचे र् गेले होते, रफार झाले होते. पोरानं अदृश्य जोडक बरोबर घातला होता, पण मजकूर ज्या प्रोग्राममधून छापला त्यानं तो झाडला होता. ते सुधारलं. आम्ही ऱ ची रीत धरली, कारण तिच्यात अदृश्य काही नाही, जे आहे ते झाडता येत नाही. आजही माझं मत तेच आहे.

दुसरी अडचण जास्त वाईट होती. डीटीपीवाल्यानं काही जोडाक्षरं फॉन्टमध्ये नव्हती म्हणून दुसऱ्याच फॉन्टमधून आणून बसवली होती. छापताना दिसायला छान. पण तो फॉन्ट कुठून कुठपर्यंत, ही खूण नुसत्या मजकुरात राहत नाही. आकडा राहतो. मग तोच आकडा एका ठिकाणी एक अक्षर, दुसऱ्या ठिकाणी दुसरं. अशा जागा निघाल्या तीसेक. संदर्भावरून बऱ्याच लागल्या, काही लागल्या नाहीत. तिथे आम्ही कंस ठेवले.

आणि तिसरी चूक माझी. ती मी कुठल्याही यंत्रावर ढकलू शकत नाही. पानांत बारीकसारीक खूप चुका दिसत होत्या. मी पोराला म्हटलं, शुद्धलेखनाची यादी लाव की, एकदम सगळं सरळ होईल. त्यानं लावली. झालं सरळ. ‘डोया’ चा डोळा झाला. ‘कावया’ चा कावळा. ‘पानी’ चं पाणी. ‘जवय’ चं जवळ. वऱ्हाडी बाईच्या तोंडात ळ चा य होतो, ण चा न होतो, हे मला, अमरावतीत जन्मलेल्या, आईच्या तोंडून आयुष्यभर डोया ऐकलेल्या माणसाला आठवू नये? ती पानं दोन महिने माझ्या टेबलावर होती. मी ती चार जणांना वाचायलाही दिली. सगळे म्हणाले, फार सुंदर, शुद्ध आहे. मित्राच्या मुलीनंच विचारलं, “काका, बाबा तर असं लिहीत नव्हते?”

पुन्हा मुळापासून रूपांतर केलं, या वेळी सुधारणेशिवाय. ‘डोया’ परत आला. मूळ सीडी जपून ठेवली होती म्हणून. तुमच्यापैकी कोणाकडे जुन्या फॉन्टमधलं काही असेल तर रूपांतर जरूर करा, पण जुनी फाइल पुसू नका, आणि तिच्यासोबत त्या काळचं एखादं छापील पानही ठेवा. आमचं सगळं काम त्या दोन पानांवर झालं.

मात्र परत आलेल्या मजकुरात एक नवीन गोष्ट दिसली. मित्रानं सगळीकडे सारखं लिहिलेलं नव्हतं. एका ओवीत ‘जवय’, पुढच्याच ओवीत ‘जवळ’. एका बाईच्या गाण्यात ‘पानी’ आणि ‘पाणी’ दोन्ही. कोष्टक तपासलं, ते बरोबर होतं. म्हणजे १९९७ च्या फायलीतच तसं होतं. आता हे कोणी केलं? टाइप करणाऱ्यानं? की मित्रानंच, वहीत उतरवताना? तो मराठीचा मास्तर होता. दिवसभर पोरांच्या वह्यांत ‘पानी’ खोडून ‘पाणी’ करणारा हात संध्याकाळी ओवी लिहिताना एकदम थांबेल कसा? की त्या बाईच दोन्ही म्हणायच्या? मोडीचं सांगितलं ना, नवी लिपी जे विचारते ते जुनीनं सांगितलेलंच नसतं. इथे जुनी लिपी म्हणजे त्या बाईचा गळा होता. पहिलं रूपांतर तिथे झालं होतं, सायकलवरून आलेल्या मास्तरच्या पेन्सिलीनं. त्याचं कोष्टक वाळवीनं खाल्लं.

मग मी गेल्या वर्षी, डिसेंबरात, त्यांपैकी एका गावी गेलो. ज्यांचं नाव फायलीत होतं त्या आजी केव्हाच गेल्या. त्यांची सून होती, तीही सत्तरीची. कापूस वेचून आली होती, ओट्यावर बसली. मी म्हटलं, सासूबाईंच्या ओव्या तुम्हाला येतात का? म्हणाली, “येते न बापू, काहून नाई.” जातं तर आता नव्हतंच, तिनं नुसत्याच म्हटल्या. माझ्या हातात ते छापलेलं पान होतं, कंसवालं. ती ओवी आली. तिनं स्पष्ट ‘जवय’ म्हटलं. मी पेन काढून खूण करायला लागलो. तिनं पेन पाहिलं, कागद पाहिला, जरा सावरून बसली, आणि म्हणाली, “थांबा सर, चुकलं. जवळ.”